फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये कोणता स्पेअर ठेवायचा, किती ठेवायचा

स्पेअरची यादी रॅकसमोर बसून करू नका. रॅकवर आजवर जे घेतलं ते असतं, लागणारं असेलच असं नाही. फर्नेस, सँड मिक्सर, शॉट ब्लास्टिंग (फिरत्या व्हीलच्या ब्लेडनं छर्रे मारून कास्टिंग साफ करणारं मशिन), कॉम्प्रेसर, क्रेन असं एकेका मशिनपाशी फिटरला घेऊन उभं राहा आणि प्रत्येक पार्टसाठी दोनच गोष्टी लिहा: हा गेला तर काय बंद पडतं, आणि नवा हातात यायला किती दिवस लागतात.

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याला ६२०५, ६३०५ बेअरिंग, बी सेक्शनचे बेल्ट, कॉन्टॅक्टर हे सगळं उद्यमनगरात सहसा त्याच दिवशी मिळतं. ते डझनानं भरून ठेवणं म्हणजे दुकानदाराचा माल आपल्या पैशानं सांभाळणं. रात्रपाळी आणि सुट्टीपुरते एक-दोन नग बास. पैसा घालायचा तो फर्नेसचे थायरिस्टर, कंट्रोल कार्ड, वॉटर कूल्ड केबल यांत. हे बाहेरून मागवावं लागतं, आणि फर्नेस मध्येच बंद पडली की आतला रस (वितळलेला धातू) थिजतो. असे पार्ट वर्षानुवर्षं लागत नाहीत, म्हणून त्यांना खपाचं गणित लावू नका. एक नग ठेवा आणि तो वापरला त्याच दिवशी दुसरा मागवा.

नियमित झिजणाऱ्या मालाचं गणित सोपं आहे: रोजचा खप गुणिले माल यायचे दिवस, अधिक राखीव. समजा, दोन व्हीलच्या शॉट ब्लास्टिंगला कामाच्या २६ दिवसांत ब्लेडचे ४ सेट लागतात आणि माल यायला कामाचे १३ दिवस जातात. तेवढ्यात २ सेट संपतात. दोन्ही व्हील एकदम उघडावी लागली तर आणखी २ हवेत. म्हणजे ४ सेट उरले की ऑर्डर गेलीच पाहिजे.

इथं एक हमखास घोळ होतो. ८ ब्लेडच्या सेटमधून कुणीतरी घाईत एकच ब्लेड नेतो. नव्या-जुन्या ब्लेडच्या वजनात फरक पडून व्हील थरथरतं आणि त्याचं बेअरिंग जातं. शिवाय बिन कार्डावर (खणाला लावलेलं आवक-जावक-शिल्लक लिहायचं कार्ड) ७ ब्लेड शिल्लक दिसतात, पण सेट एकही नसतो. ब्लेड सेटमध्येच मोजा आणि सेटनंच इश्यू करा.

पावसाळ्यात आकडे बदला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. बाहेरून येणाऱ्या मालाचे दिवस जुलै-ऑगस्टसाठी आठवडाभरानं वाढवून धरा, ऑर्डर मेअखेर द्या.

कार्डावर नुसतं ‘बेअरिंग मोठं’ लिहिलेलं कामाचं नाही. ६३०५ मधल्या शेवटच्या ०५ ला पाचानं गुणलं की २५ मिमी बोअर (आतल्या भोकाचा व्यास) कळतो, पण झेडझेड (पत्र्याचं झाकण) की टूआरएस (रबरी सील), सीथ्री (आतली फट नेहमीपेक्षा जास्त) आहे की नाही, हेही हवं. गरम होणाऱ्या मोटरला सीथ्री लागत असताना साधं बसवलं तर आतली फट संपते आणि बेअरिंग जाम होतं. मशिन कंपनीचा पार्ट नंबर आणि बेअरिंगचा नंबर एकाच कार्डावर लिहा, नाहीतर एकच वस्तू दोन नावांनी दोनदा खरेदी होते, एकदा चढ्या भावानं.

साठवण बिघडली की नवा पार्टही बसवायच्या आधीच बाद होतो:

- बेअरिंग मूळ पॅकिंगमध्ये, आडवं. कॉम्प्रेसरच्या भिंतीलगतचा रॅक नको. हादऱ्यांनी रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यांवर) खुणा पडतात.
- ऑइल सील, बेल्ट खिळ्याला टांगू नका. ऊन आणि वेल्डिंगपासून लांब ठेवा. जुना माल आधी काढा.
- स्पेअर मोटरचा शाफ्ट दर महिन्याला सव्वा फेरा फिरवा. पावसाळ्यानंतर मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय जोडू नका.

वर्षातून दोनदा यादी आणि मशिनं ताडून पाहा. मशिन विकलं असेल तर त्याचे स्पेअर त्याच सौद्यात द्या. नंतर ते भंगाराच्या भावानं जातात. आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे किल्लीबरोबर इश्यू स्लिपचं पॅडही द्या, कारण बिन कार्डाचा हिशेब बहुतेक वेळा रात्रीच चुकतो.