भंगारातला फोन उघडा, टेलिफोन समजून घ्या

टेलिफोन कसा चालतो हे वाचून जेवढं कळतं, त्याहून जास्त हाताने करून पाहिलं की कळतं. सुट्टीत घरी लेकरं जमली की एका दुपारचं काम आहे. चहाचे दोन कागदी कप, वाकळ शिवायचा वीस-पंचवीस फूट जाड दोरा, एक दाभण, काडेपेटी आणि भंगारवाल्याकडून आणलेला चकतीचा जुना काळा फोन, एवढं जमवा.

आधी कपांचा फोन. दोन्ही कपांच्या बुडाला दाभणाने बारीक भोक पाडा, दोरा बाहेरून आत ओवा आणि आतल्या टोकाला अर्धी काडी बांधा, म्हणजे दोरा निसटणार नाही. एक जण ढाळजेत, दुसरा अंगणाच्या टोकाला. दोरा ताठ हवा. ढिला पडला किंवा भिंतीला घासला तर काही ऐकू येत नाही. एकाने कपात हळू बोलायचं, दुसऱ्याने कप कानाला लावायचा. आता तिसऱ्याने मधला दोरा अलगद चिमटीत धरायचा. आवाज गपकन बंद होतो आणि बोटांना झिणझिण लागते. ती झिणझिण म्हणजेच आवाज. प्रत्येक लेकराला ती लागल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सगळं शास्त्र त्या चिमटीत आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना 7 मार्च 1876 रोजी पेटंट मिळालं ते याच थरथरीला विजेच्या तारेवरून पाठवण्याचं.

आता जुना फोन घ्या. तो लाइनला जोडलेला नको, कारण घंटी वाजताना तारेत 75 व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि चांगलाच झटका बसतो. रिसीव्हरची दोन्ही झाकणं हाताने फिरवून काढा. बोलायच्या बाजूची डबी कानाजवळ हलवली की वाळूसारखी खुळखुळते. आत कोळशाचे कण आहेत. आपण बोललो की पातळ पडदा ते कण दाबतो. दाबले की वीज जास्त वाहते, सैल पडले की कमी. ऐकायच्या बाजूला दाभण न्या, चटकन चिकटेल. तिथे चुंबक आहे. कमीजास्त होणारी वीज त्याच्याभोवतीच्या वेटोळ्यातून गेली की समोरची लोखंडी चकती थरथरते, आणि पलीकडचा माणूस बोलू लागतो.

मग डायलच्या मागे बघा. तिथल्या बारीक पट्ट्यांवर नजर ठेवून 5 फिरवा आणि सोडा. चकती मागे येताना पट्ट्यांची पाच वेळा उघडमीट होते, शून्याला दहा वेळा. ही उघडमीट मोजूनच एक्सचेंज, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जिथे जुळतात ते केंद्र, नंबर जोडायचं. त्याआधी ऑपरेटर हाताने जोडणी करायचे, आणि परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावं लागायचं. देशातली पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावचा नंबर फिरवायची सोय, 1960 मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. खेड्यांना खरा हात दिला तो 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने. त्यांची छोटी एक्सचेंजेस वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालायची. मराठवाड्यासारख्या मुलखात ही फार मोठी गोष्ट होती. लाइट गेली तरी लँडलाइन चालू राही, कारण तारेतली 48 व्होल्टची वीज एक्सचेंजच्या बॅटऱ्यांतून यायची.

मोबाइलमध्येही थरथर तीच, फक्त फोन तिचे आकडे करतो आणि रेडिओ लहरींवरून जवळच्या टॉवरला पाठवतो. भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. एकाच खोलीतले दोन मोबाइल कॉलवर बोलतात तेव्हाही आवाज टॉवरपर्यंत जाऊन परत येतो.

म्हणून शेवटचं काम रेंज मोजण्याचं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'फोनविषयी' भागात सिमच्या माहितीखाली सिग्नलचा उणे आकडा दिसतो. फोर-जीवर तो उणे 85 च्या आसपास असेल तर आवाज स्वच्छ येतो, उणे 115 च्या खाली गेला की तुटायला लागतो. पत्र्याखाली, जाड मातीच्या भिंतींआड, खिडकीत आणि माळवदावर असा चार ठिकाणी आकडा लिहून घ्या. घरात जिथे तो सर्वात बरा असेल, तिथेच आजीचा फोन ठेवायला फळी ठोका.