कमरेला लावायचं छोटं पिस्तूल: या चुका टाळा

कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसहून रायफलचं कांस्य आणलं. आज दुधाळीच्या रेंजकडं निघालेली पोरं बघून कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळं हुपरीचा चांदीवाला, गुजरीतला सराफ किंवा रात्रीची रोकड घेऊन घरी जाणारा पेट्रोल पंपवाला स्वसंरक्षणाचा परवाना काढतो, तेव्हा त्याला वाटतं, नेम काय, चार दिवसांत बसेल. घरातलं कुणी एअर पिस्तूल मारत असेल तर विचारूच नका.

खेळाचं पिस्तूल आणि कमरेचं पिस्तूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन दीड किलोपर्यंत चालतं, ट्रिगर ५०० ग्रॅमच्या दाबावर सुटतो, मूठ तळहाताच्या मापानं कोरलेली असते आणि झटका जवळजवळ नसतोच. कपड्याआड लपेल असं हत्यार अर्ध्या-पाऊण किलोचं असतं. त्याच्या मुठीवर जेमतेम दोन-अडीच बोटं बसतात. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर इतकं कमी की हात केसभर हलला तरी गोळी वीतभर सरकते. रेंजवरचा चांगला नेमबाजसुद्धा पहिल्या दिवशी सात मीटरवर कागदाच्या खालच्या कोपऱ्यात गोळ्या घालतो.

दुकानात होणारी चूक

"सगळ्यात हलकं कुठलं?" दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. हलकं हत्यार वागवायला सुखाचं, मारायला अवघड. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर हातावर येणारी झटक्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचं आहे. पर्समध्ये ते जाणवत नाही, पण त्याच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) जड रिव्हॉल्व्हरपेक्षा ते हातात जास्त उडतं. महिलेनं हलकंच घ्यावं, हा दुकानदाराचा आणि नवऱ्याचा सल्ला मला पटत नाही. सराव करवेल असं घ्यावं. दोन फैरीत तळहात दुखायला लागला तर तिसऱ्यांदा कुणी रेंजवर जात नाही, आणि सरावाविना ठेवलेलं हत्यार मालकालाच धोक्याचं.

मूठ हातात घेऊन बघा. हत्यार रिकामं आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा, सुरक्षित दिशेला धरा, मग पाहा: बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ पडतंय का? की बोट पोहोचवण्यासाठी अख्खा हात फिरवावा लागतोय? करंगळी मुठीखाली लोंबकळत असेल तर बूड वाढवलेली मॅगझीन (काडतुसं भरायची पेटी) मिळते का, ते विचारा. पिस्तुलाची स्लाईड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागं ओढता येते का? लहान पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते आणि पकडायला जागा थोडी, ही गोष्ट पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही.

बोअरबद्दल आपल्याकडं फारशी निवड नाही. ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून बहुतेकांच्या परवान्यावर '.३२' येतं. आणि इथंच गोंधळ होतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगवेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, बुडाला पसरट कड असते. पिस्तुलाचं आखूड, कड नावाला. नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. हत्याराचं नाव सांगा, नळीवर कोरलेलं वाचा, डब्यावरचं त्याच्याशी जुळवा.

गोळी खाली का जाते

एका गूळ व्यापाऱ्याचं उदाहरण सांगतो. जाड, कष्टाची बोटं, पकड लोखंडासारखी. पाच मीटरवरून त्यांची प्रत्येक गोळी डावीकडं खाली. त्यांचा संशय पिस्तुलाच्या माशीवर होता. त्यांच्या नकळत मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये एक डमी राऊंड (दारू नसलेलं नकली काडतूस) घातला. पहिली गोळी सुटली. दुसऱ्यांदा ट्रिगर ओढला, नुसता 'टक्' आवाज झाला आणि नळीचं तोंड दोन बोटं खाली दबलं. झटका आलाच नव्हता, तरी हातानं त्याच्या आधीच नळी खाली रेटली होती. "शेठ, दिसलं?" म्हटल्यावर ते बराच वेळ पिस्तुलाकडं बघत राहिले. माशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

छोट्या पिस्तुलाचा हा सर्वात मोठा रोग. उपाय हाच: दुसऱ्याकडून मॅगझीन भरून घ्यायची, डमी कुठं आहे ते स्वतःला माहीत नको. ट्रिगरवर दाब सावकाश, एकसारखा वाढवायचा, गोळी केव्हा सुटणार याचा हिशेब मनात करायचा नाही. कानाला आणि डोळ्याला संरक्षण पाहिजेच, कारण आखूड नळीचा आवाज आणि जाळ दोन्ही दचकवतात. हात थकला की थांबा. थकलेल्या हाताला फक्त वाईट सवय लागते.

पकड दोन्ही हातांची, जितकी वर बसेल तितकी वर. पण पिस्तुलाच्या स्लाईडमागं दुसऱ्या हाताचा अंगठा आडवा आला, तर झटक्यानं मागं येणारी स्लाईड तो फाडते. रिव्हॉल्व्हरला वेगळीच काळजी: काडतुसं बसतात ते चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो, तिथं बोट जाता कामा नये. रिव्हॉल्व्हरवाले आणखी एक चूक करतात. सराव नेहमी घोडा (मागचा हातोडा) अंगठ्यानं चढवूनच करतात, कारण मग ट्रिगर हलका लागतो आणि कागद छान दिसतो. प्रसंगात घोडा चढवत बसायला वेळ नसतो. शिवाय चढलेला घोडा थरथरत्या अंगठ्यानं उतरवताना गोळी सुटू शकते. लांब, जड ट्रिगर पूर्ण ओढूनच सराव करा, कागद कसाही दिसो.

अडलं तर

ट्रिगर ओढला आणि गोळी सुटली नाही, तर बघायला नळी स्वतःकडं वळवू नका. तोंड निशाण्याकडंच ठेवून तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरानं पेटू शकतं. मग ते काढून त्याच्या बुडावरचा ठसा बघा. ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईच्या) वाटेत घट्ट झालेलं तेल किंवा ढिली स्प्रिंग.

'धाड्'ऐवजी 'फुस्' असा आवाज आला तर मात्र पुढची गोळी मारूच नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागून दुसरी गेली की नळी फुटते. हत्यार रिकामं करायचं आणि कारागिराला दाखवायचं.

काडतुसाचं रिकामं खोकं बाहेर पडताना स्लाईडमध्ये उभं अडकत असेल तर आधी मनगट तपासा. हलक्या पिस्तुलाला मागं सरकायला ताठ आधार लागतो, ढिल्या मनगटात त्याचा जोर वाया जातो. मॅगझीनमध्ये काडतुसं वर सरकतच नसतील तर भरण्यात चूक आहे: .३२ च्या पिस्तूल काडतुसाला बारीक कड असते, वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढं बसली पाहिजे. ती मागं गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ठोकून सुटत नाहीत. मॅगझीन उतरवून पुन्हा भरावी लागते.

होल्स्टर आणि आपला पाऊस

होल्स्टर असं हवं की ट्रिगरची कडी पूर्ण झाकली जाईल आणि पिस्तूल काढल्यावर तोंड मिटणार नाही. चामड्याचं काम करणारे उत्तम कारागीर कोल्हापुरात आहेत, जरूर बनवून घ्या. मात्र मापासाठी हत्यार त्यांच्याकडं ठेवून येऊ नका. परवाना तुमच्या नावाचा आहे. रिकामं करून समोर बसा, माप झालं की घेऊन या. पाठीच्या कण्यावर होल्स्टर लावून दुचाकी चालवणं टाळा, घसरून पाठीवर पडलात तर सगळा मार मणक्यावर येतो. पर्समध्ये ठेवायचं तर त्याला स्वतंत्र कप्पा आणि त्यातही होल्स्टर हवं. किल्ल्या, पेन यांच्यासोबत सुटं ठेवलं की काहीतरी ट्रिगरमध्ये अडकतं. आणि आईची पर्स पोरं उघडतातच.

चामड्याच्या होल्स्टरमध्येच हत्यार ठेवून देणं ही पावसाळ्यातली हमखास चूक. राधानगरी, गगनबावडा भागात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चामडं तर ओल शोषून धरतं. महिन्याभरात चक्राच्या कडेनं तांबूस गंज आणि पितळी काडतुसांवर हिरवट थर दिसतो. घरी आलं की हत्यार रिकामं करून कोरड्या फडक्यानं घाम पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. काडतुसांना तेल लागू देऊ नका, ते बुडातून आत शिरून दारू निकामी करतं. हत्यार कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.

जुन्या बनावटीच्या कित्येक हत्यारांत पडल्यावर गोळी सुटू नये असा आतला अडसर नसतो. तुमच्या हत्यारात तो आहे का, हे कारागिराला विचारा. नसेल तर पिस्तुलाची नळी रिकामी ठेवा, रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखालचं घर रिकामं सोडा.

कागदाच्या चुका

सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असावं, असं २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. बुलेटवर बसून शर्ट वर सारून दाखवणं म्हणजे परवाना स्वतःहून घालवणं. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी मारण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. मुदत लांबल्यामुळं नूतनीकरणाची तारीख विसरणारे वाढलेत, ती आजच लिहून ठेवा. सराव मान्यता असलेल्या रेंजवरच, आणि तिथं तुमच्या बोअरला परवानगी आहे का, हे आधी विचारून. उसाच्या फडात नको. एअर रायफलसाठी बांधलेली रेंज .३२ ची गोळी पेलत नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात हत्यार जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. देताना पावती घ्या, पावतीवर नंबर बरोबर आहे का बघा. परत मिळालं की लगेच कमरेला लावू नका. आधी रिकामं आहे याची खात्री, मग नळी, मॅगझीन, स्प्रिंग साफ करून रेंजवर काही फैरी मारून बघा. त्यात एकदा जरी अडलं तरी आधी कारागिराकडं.