चावडीवर लागलेली फेरफार नोटीस: कुठे पाहायची, कशी वाचायची, हरकत कशी घ्यायची

सातबारावर आपल्या नकळत दुसऱ्याचं नाव लागलं, अशी तक्रार घेऊन माणूस तहसीलला जातो, तेव्हा अनेकदा नोंद मंजूर होऊन महिने उलटलेले असतात. वास्तविक फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, मंजूर होण्याआधी त्याची प्रत चावडीवर लागते आणि हरकतीची मुदत तेव्हाच चालू असते. म्हणून ज्याची गावाकडे जमीन आहे आणि जो पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहतो, त्याला तर चावडी कशी वाचायची हे माहीत असलंच पाहिजे.

चावडी म्हणजे गावचं महसुली कामकाज चालण्याची जागा. पूर्वी पाटील-कुलकर्णी इथे बसत, वसुली इथे होई, सरकारी हुकूम इथेच वाचून दाखवले जात. वतनं गेली, पण शब्द कायद्यात राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या व्याख्येनुसार ज्या गावाला चावडी नाही, तिथे जिल्हाधिकारी सांगतील ती जागा चावडी धरायची. त्यामुळे जुनी कौलारू इमारत पडली तरी चावडी संपत नाही. आज बहुतेक ठिकाणी तलाठ्याच्या कार्यालयाबाहेरचा फलक हीच चावडी. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, बोलण्यात मात्र तलाठीच. एका सजात, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रात, दोन-तीन गावं असतील तर तलाठी भलत्याच गावात बसत असतो. तेव्हा 'आमच्या गावच्या नोटिसा कुठल्या फलकावर लागतात?' हे एकदा विचारून ठेवा.

चावडी आणि ग्रामपंचायत यांची गल्लत करू नका. घरपट्टी, घराचा नमुना ८, जन्म-मृत्यूची नोंद हे ग्रामपंचायतीकडे. सातबारा, फेरफार आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) चावडीकडे. 'आठचा उतारा द्या' एवढंच म्हटलं की हमखास चुकीच्या दारात उभं राहावं लागतं. तोंडाने 'आठ-अ' असं स्पष्ट म्हणा.

आता नोंदीचा प्रवास. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं की त्याची माहिती महसूल खात्याकडे ऑनलाइन जाते. वारस नोंद, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) यांसारख्या बाबींसाठी मात्र अर्ज करावा लागतो, आणि कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवायचा असतो. तलाठी नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत घेतो. कलम १५० प्रमाणे त्याच वेळी तिची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यायची. हरकतीला १५ दिवस. हरकत आली नाही तर तलाठ्याचा वरिष्ठ असलेला मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो.

घोटाळा नोटिशीत होतो. अभिलेखात पत्ता जुना असतो, खातेदार वारलेला असतो, किंवा नोटीस घरातल्याच एका भावाच्या सहीने स्वीकारली जाते आणि बाकीच्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून पोस्टमनची वाट पाहू नका. महसूल खात्याच्या महाभूमी या संकेतस्थळावर 'आपली चावडी' उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा. फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, गट क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख तिथे दिसते. पंधरवड्यातून एकदा पाहिलं तर सहसा काही निसटत नाही; महिन्यातून एकदा पाहणं पुरेसं नाही, कारण मुदतच १५ दिवसांची आहे. दुसरी खूण खुद्द डिजिटल सातबारावर असते: 'प्रलंबित फेरफार' या शब्दांपुढे क्रमांक छापलेला दिसला की काहीतरी चालू आहे. जमीन घेणाऱ्याने तर इसार देण्याआधी ही ओळ वाचलीच पाहिजे.

हरकत तोंडी घेऊ नका. तलाठ्याला फोनवर सांगितलं, तो 'बघतो' म्हणाला, याला कागदावर काही किंमत नाही. साध्या कागदावर असं लिहा:

'मौजे …, ता. …, गट क्र. … बाबतचा फेरफार क्र. …, दि. … यास माझी हरकत आहे. मी कै. … यांचा वारस असून माझे नाव नोंदीत घेतलेले नाही. सोबत मृत्यूचा दाखला व वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. मला सुनावणीची संधी मिळावी.'

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: 'तक्रार नोंदवहीत माझा क्रमांक काय?' हरकत आली की नोंद विवादग्रस्त ठरते आणि गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे याच तक्रार नोंदवहीत जाते. तिथे क्रमांक पडला नसेल तर हरकत अर्जाच्या गठ्ठ्यात पडून राहण्याचा आणि नोंद बिनहरकत मंजूर होण्याचा धोका असतो. कोणी काही करत नाही असं वाटलं तर त्याच अर्जाची प्रत तहसील कार्यालयाच्या आवक (येणारे टपाल घेणाऱ्या) विभागालाही द्या.

कोणती हरकत टिकते, हे समजून घ्या. वारस वगळला, दस्तातलं क्षेत्र सातबाराशी जुळत नाही, लिहून देणाऱ्याचं नाव अभिलेखातच नाही, गट क्रमांक चुकला, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आहे, या टिकणाऱ्या हरकती. 'भावाने मला फसवून सही घेतली' हे खरं असेलही, पण मंडळ अधिकारी नोंदणीकृत दस्त रद्द करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी दावाच लागतो. नुसता दावा दाखल आहे म्हणून फेरफार थांबत नाही, मनाई हुकूम हातात हवा. मालकी शेवटी न्यायालयच ठरवतं. तरी कलम १५७ मुळे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, म्हणून ती होण्याआधीच अडवणं कितीतरी स्वस्त पडतं.

सुनावणीला मूळ कागद घेऊन जा, सोबत झेरॉक्सचा एक संच. स्वतः येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र देऊन माणूस पाठवा. गैरहजर राहिलात तर समोरच्या कागदांवरच निकाल होतो.

मुदत हुकली तर? नोंद प्रमाणित झाल्यावर तलाठ्याच्या मागे फिरून उपयोग नाही. निकालाची किंवा फेरफाराची नक्कल काढा आणि कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे अपील करा. मुदत ६० दिवस. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज सोबत जोडा आणि नोंद कधी, कशी कळली ते तारखेसह लिहा. 'माहिती नव्हती' एवढ्यावर विलंब माफ होईल असं धरून चालू नका. नावातलं अक्षर चुकलं, आकडा इकडचा तिकडे झाला अशा लेखनप्रमादासाठी मात्र अपील नको. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा आणि ज्या मूळ फेरफारात अक्षर बरोबर आहे त्याची नक्कल जोडा.