संगीतनिर्मितीसाठी रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेताना या चुका टाळा

घरच्या स्टुडिओसाठी रिफर्बिश्ड डेस्कटॉप निवडताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रोसेसरच्या कोअरची, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणन-केंद्रांची, संख्या पाहून भुलणे. आवाजाचा प्रत्येक लहानसा तुकडा संगणकाला ठरलेल्या वेळेतच तयार करावा लागतो. ४४,१०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना, हा तुकडा म्हणजेच बफर १२८ सॅम्पलचा ठेवला, तर त्यासाठी जेमतेम २.९ मिलिसेकंद मिळतात आणि ती वेळ एकदा जरी हुकली, तरी रेकॉर्डिंगमध्ये ‘कट्’ असा आवाज येतो. एका ट्रॅकवर ओळीने लावलेल्या इफेक्टचा भार सहसा एकाच कोअरवर पडतो, कारण आधीच्या इफेक्टचे काम उरकल्याशिवाय पुढच्याला सुरुवातच करता येत नाही. म्हणूनच इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचे, बारा संथ कोअरचे जुने वर्कस्टेशन मोठ्या मिक्सला चालून गेले, तरी गिटारवर ॲम्प सिम्युलेटर (ॲम्प्लिफायरची नक्कल करणारा इफेक्ट) लावून थेट वाजवताना सहा वेगवान कोअरचा इंटेलचाच साधा आय५ सरस ठरू शकतो.

मॉडेल क्रमांकाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. आय५-८५०० चा मूळ वेग ३.० गिगाहर्ट्झ, तर आय५-८५००टी चा २.१ गिगाहर्ट्झ, जाहिरातीत मात्र दोन्ही ‘आठव्या पिढीचे आय५’ म्हणूनच मिरवतात. त्याहून जुनी पिढी शक्यतो घेऊ नये, कारण विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा इंटेलसाठी ढोबळमानाने तेथूनच सुरू होतो आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

आटोपशीर, चपट्या कॅबिनेटचा मोह बहुतेकांना होतो. अशा पेटीतील लहान पंखा भार वाढताच जोराने फिरू लागतो आणि त्याची घरघर माईकमध्ये उतरते. शिवाय पॉवर सप्लाय बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचा असल्याने पुढे बदलणे अवघड जाते. जागा असेल तर टॉवरच घ्यावा. रॅम किमान १६ जीबी, तीही दोन पट्ट्यांत, आणि सॅम्पल लायब्ररीसाठी (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या संग्रहासाठी) एसएसडी, एवढे पुरे. बायोसला (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीला) जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

आवाज तुटू लागला, की लगेच प्रोसेसरला दोष देण्याची घाई होते. आधी ऑडिओ इंटरफेसचा (माईक-गिटार संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा एसिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने आवाज पोहोचवणारा ड्रायव्हर, निवडला आहे का, हे तपासावे, इंटरफेस हबऐवजी थेट यूएसबी पोर्टला जोडावा आणि पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा. तरीही तक्रार राहिली, तर वाय-फाय बंद करून पाहावे. दोष अनेकदा त्याच्या ड्रायव्हरमध्ये सापडतो आणि लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते दाखवते. सुरुवातीला सुरळीत चालणारा प्रोजेक्ट काही मिनिटांनी अडखळू लागला, तर तापमान पाहावे: वाळलेली थर्मल पेस्ट आणि हीटसिंकमधली धूळ हे जुन्या यंत्रांचे नेहमीचे दुखणे आहे. म्हणून परत करण्याची मुदत संपण्याआधीच आपला सर्वांत जड प्रोजेक्ट १२८ च्या बफरवर सलग अर्धा तास वाजवून पाहावा.