नवतप्याच्या आधी पिंजऱ्यातल्या कोंबडीला पाणी प्यायला शिकवा

फार्मवरून सोडवून परसात आणलेली लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पिंजऱ्यात पाळलेली कोंबडी मे महिन्यात मरते ती बहुतेक वेळा तहानेनं, आणि शेजारी पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं असतं. दर उन्हाळ्यात तोच फोन येतो आणि तेच वाक्य ऐकू येतं: "पाणी तर ठेवलं होतं भाऊ, रोगच आला असेल." रोग नसतो. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागेल. त्याच्या आत खाली सांगितलेलं पाण्याचं काम उरका, बाकीचं मागे-पुढे झालं तरी चालतं.

लेअरची बॅच साधारण 72 ते 80 आठवड्यांची झाली आणि अंडी उतरली की ती वजनावर व्यापाऱ्याला जाते. त्यातल्या चार-सहा कोंबड्या घरी आणून पाळणारे लोक आता नागपुरात आणि हिंगणा, कामठी, कळमेश्वरकडे भेटायला लागलेत. कुणी पोरांच्या हट्टापायी आणतं, कुणी घरच्या अंड्यासाठी, कुणी नुसती कीव येऊन. चांगलंच आहे. ब्रिटनमध्ये अशा कोंबड्यांना घरं मिळवून देणारी संस्था 2005 पासून काम करते आहे, आणि युरोपीय संघात 2012 पासून साधे बॅटरी पिंजरे बंदच आहेत. पण तिकडचा सल्ला मोबाइलवर वाचून इकडे कोंबडी पाळू नका. तिकडे पिसं झडलेल्या कोंबड्यांना लोक लोकरीचे स्वेटर विणतात. आपल्याकडे 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदले गेले होते.

आता मूळ मुद्दा. ही कोंबडी फार्मवर निप्पलमधून, म्हणजे डोक्यावरच्या पाइपाला लावलेल्या बारीक तोटीतून पाणी प्यायलेली असते. मान वर करायची, चमकणाऱ्या टोकाला चोच मारायची, थेंब घशात. जमिनीवरच्या भांड्यातलं पाणी पिल्लूपणी पाहिलं असेल तर असेल, पण वर्षभर पिंजऱ्यात राहिल्यावर ते तिच्या गणतीतच नसतं. गावठी कोंबडी नालीतलं, कुंडीतलं, भांडी घासल्या जागेचं, कुठलंही पाणी शोधून पिते. ही मात्र भांड्याच्या काठाला टेकून धापा टाकत बसते आणि पाण्यात चोच घालत नाही.

दुसरी अडचण चोचीची आहे. फार्मवर चोच कापलेली असते. जवळून बघा, वरची चोच आखूड आणि बोथट दिसेल, खालची चमच्यासारखी पुढे आलेली. उथळ ताटलीतलं पाणी अशा चोचीत भरत नाही, ती नुसती टकटक करते. म्हणून पाणी किमान दोन-तीन बोटं खोल हवं. ताटली, झाकण, नारळाची करवंटी हे काही चालत नाही. जड मातीचं कुंडं किंवा जुनं घमेलं बरं, कलंडत नाही.

शिकवायची रीत अशी. पहिले तीन दिवस कोंबड्या मोकळ्या सोडूच नका. लहान, सावलीच्या, हवेशीर जागेत ठेवा आणि पाणी त्यांच्या पुढ्यात दोन ठिकाणी ठेवा. सकाळी पाचच्या सुमारास प्रत्येक कोंबडी दोन्ही हातांनी उचलून तिच्या चोचीचं फक्त टोक पाण्यात बुडवा. नाकपुड्या बुडू देऊ नका. तिनं मान वर करून गिळलं की सोडा. दर तासाला हेच. एक कोंबडी शिकली की बाकीच्या तिच्याकडे बघून शिकतात, पण सगळ्या शिकतात हे धरून चालू नका. कोपऱ्यात मागे राहणारी एक असतेच आणि मरते तीच. भांड्यावर पाण्याची बाटली टांगून झाकणाला बारीक भोक पाडलं आणि थेंब-थेंब पडू दिलं, तर आवाजानं आणि चमकेनं त्या लवकर येतात. स्टीलचा जुना चमचा पाण्यात टाकून ठेवला तरी टोचायला येतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण चालतं. फार्मवरचा एखादा जुना निप्पल मागून आणून बादलीला बसवता आला तर सगळ्यात उत्तम. त्यासोबत भांडंही ठेवा आणि हळूहळू भांड्यावर आणा.

"पण भांड्यातलं पाणी तर कमी होतंय," असं लोक सांगतात. होणारच. नागपूरच्या लूमध्ये उघड्या भांड्यातलं पाणी आपोआप आटतं. शिवाय साळुंक्या आणि खारी येऊन पितात त्या वेगळ्या. म्हणून तसंच दुसरं भांडं तेवढंच भरून जाळीखाली झाकून शेजारी ठेवा. संध्याकाळी दोन्हींची पातळी बघा. कोंबड्यांनी प्यायलं ते फार तर त्या फरकाएवढं. एरवी एक लेअर कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, पारा 40 च्या वर गेला की अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त. पाच कोंबड्या असतील आणि फरक जेमतेम अर्धा लिटरचा निघाला, तर कुणीतरी पीत नाही. ती कोण हे दिवेलागणीला कळतं: गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला खाण्याची थैली असते, ती दाबून बघा. प्यायलेली असेल तर भिजल्या कणकेसारखी लागते. कोरडी, टणक गोळी लागली तर तिला त्याच वेळी पाणी दाखवा, सकाळची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट, टाकीचं पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्यात आपण हात धरत नाही, तेच आपण कोंबडीच्या भांड्यात ओततो. गरम पाणी कोंबडी पीत नाही, म्हणजे शिकलेली कोंबडीसुद्धा तहानलेलीच राहते. पहाटे भरलेल्या माठातलं पाणी वापरा. 11, 2 आणि 4 वाजता भांडं रिकामं करून पुन्हा भरा. भांडं सकाळी सावलीत होतं म्हणजे दुपारी सावलीत आहे असं नाही, ऊन सरकतं. आणि भांडी नेहमी दोन, एकमेकांपासून लांब. दांडगी कोंबडी एका भांड्यावर ठाण मांडते आणि दुबळीला फिरकू देत नाही.

एवढा जोर का देतो ते सांगतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच 41 ते 42 अंश असतं. बाहेर 45 झाले की अंगातली उष्णता बाहेर जायची सोडून बाहेरची आत यायला लागते. मग तिच्या हातात एकच उपाय उरतो, धापा टाकून आतलं पाणी वाफेनं बाहेर काढणं. पाणी नाही तर धापही कामाची नाही. 2024 च्या मेअखेर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. आठवडाभर लोक त्याच आकड्यावर गप्पा मारत होते. आकडा राहू द्या, चोच बघा. चोच उघडी आणि पंख अंगापासून फाकलेले दिसले की त्रास सुरू झाला. तुरा जांभळट पडला, मान लोंबली, डोळे मिटले, तर हातात थोडाच वेळ आहे.

अशा वेळी तिला सावलीत न्या, पाय आणि पोटाचा खालचा भाग साध्या गार पाण्यात बुडवा. बर्फाच्या पाण्यात नको. चोचीच्या कडेला थेंब सोडा, चोच उघडून घशात ओतू नका, पाणी श्वासनळीत गेलं की जागेवरच संपते. पोरांना लांब ठेवा. धावपळ करून पकडापकडी केली तर तेवढ्यानंही जाते. मरण्याची वेळ बहुधा भर दुपारची नसते, चार ते सहाची असते. दिवसभराची उष्णता साठत आलेली असते आणि आपण मात्र ऊन कललं म्हणून निर्धास्त झालेले असतो.

ओआरएस चालतं. लिटरभराची पुडी मी दोन लिटर पाण्यात घालतो, तेही फक्त लूच्या दुपारी चार तास, आणि साधं पाणी शेजारी असतंच. दिवसभर मिठाचं पाणी ठेवू नका. क जीवनसत्त्वाची शिफारस एक किलो खाद्याला 200 ते 250 मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे माणसांची 500 मिलिग्रॅमची एक गोळी कुटून दोन किलो खाद्यात मिसळली की झालं, खर्च काही रुपयांचा. एवढ्यासाठी दुकानदार "समर स्पेशल" म्हणून शेकडो रुपयांची बाटली हातात ठेवतो, सोबत लिव्हर टॉनिक आणि अंडं वाढवायचं औषध. म्हाताऱ्या कोंबडीची अंडी बाटलीनं वाढत नाहीत. आणि धापा टाकणाऱ्या कोंबडीला "सर्दी आहे" म्हणत अँटिबायोटिक देणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नका. ते औषध अंड्यात उतरतं आणि तुमची पोरं तीच अंडी खातात. कोलिस्टिन नावाच्या अँटिबायोटिकवर तर 2019 पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत बंदीच आहे.

आणण्याबद्दल थोडं. जमलं तर जुलैनंतरच आणा. पण बॅच तुमच्या सोयीनं निघत नाही, हेही खरं. मेमध्येच आणायच्या असतील तर:

- पहाटे उजाडायच्या आत आणा, भोकं पाडलेल्या खोक्यात, एका खोक्यात तीन-चारच
- पायाला धरून उलटं टांगून गाडीवर आणू नका. अंड्याच्या टरफलासाठी हाडातलं कॅल्शियम गेलेलं असतं, पाय आणि छातीचं हाड मोडतं
- वाढलेली नखं कापा, उवा-गोचिड बघा
- घरच्या जुन्या कोंबड्यांपासून किमान दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा

खुराडं आणि सावली:

- हिरवी नेट, त्यावर तणस किंवा पऱ्हाट्या. टिन असेल तर वरून चुना आणि ओलं बारदान
- बसायची दांडी जमिनीपासून फूटभरच, उंचावरून उडी मारताना हाड मोडतं
- खाली धानाचं तूस, दोन-तीन बोटांचा थर. ओलं झालं की बदला
- मातीत लोळायला सावलीतली जागा, राख मिसळून
- मुंगूस, मांजर, कुत्रं यांच्यासाठी रात्री पक्की जाळी

सावलीतही एक मेख आहे. या कोंबड्यांनी ऊन पाहिलेलं नसतं. उघड्यावर सोडल्या तर भर उन्हात पंख पसरून पडून राहतात, सावलीत जायचं त्यांना सुचत नाही. मान-पाठ उघडी असेल तर कातडी भाजते. म्हणून सुरुवातीला सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच सोडा. कुलरबद्दल बरेच जण विचारतात. चारी बाजूंनी मोकळ्या पडवीत कुलर लावा, बंद खोलीत नको. तिथे दमट हवा कोंडते आणि दमट हवेत धाप टाकून काही गार होत नाही.

खाणं:

- लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार भरडलेलं खाद्य), कोंबडीमागे 100 ते 120 ग्रॅम. पहाटे आणि दिवेलागणीला
- सकाळी 10 ते संध्याकाळी 5 खाद्य उचलून ठेवा, पचनाची उष्णता दुपारच्या उष्णतेत भर घालते
- शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, कायम
- टरबुजाच्या फोडी, काकडी, मुठीभर हिरवा पाला. संत्र्याच्या सालीला बहुधा तोंड लावत नाहीत, नागपूरची असली तरी

लस आणि औषध:

- फार्मवर मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस शेवटची कधी दिली ते विचारून लिहून ठेवा
- लासोटा या मानमोडीच्या लसीची बाटली एकदम शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, शेजारीपाजारी मिळून द्या. पाण्यातून देताना क्लोरीनचं नळाचं पाणी नको
- जंताचं औषध पावसाळा लागल्यावर, मात्रा डॉक्टरला विचारून

अंडी पहिले काही आठवडे थांबली, पिसं झडली, टरफल पातळ झालं तर घाबरू नका. धापेनं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफल पातळ पडतं. फार्मवर 16 तास उजेड असतो, आपल्याकडे मेमध्येही दिवस तेरा-सव्वातेरा तासांचा. अंडी वाढवायला बल्ब लावू नका. तिचं बाळंतपण झालंय तेवढं पुरे.

एका दिवसात एकाहून जास्त कोंबड्या मेल्या, डोकं सुजलं, नाकातून रक्त आलं, तर ते ऊन समजू नका. मार्च 2024 मध्ये सेमिनरी हिल्सजवळच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला होता, आणि त्याच वर्षाअखेर गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले वाघ आणि बिबट त्यानं दगावले. मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, नाल्यात फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर कळवा.

मृग लागला, दोन सरी पडल्या की लोक हुश्श करतात. माझ्या अंदाजानं पाण्याकडे दुर्लक्ष करायची सगळ्यात वाईट वेळ हीच. पारा 38 वर उतरलेला असतो, पण हवा ओली, ढग डोक्यावर आणि वारा पडलेला. कोरड्या 44 मध्ये तग धरलेली कोंबडी या उकाड्यात संध्याकाळी आडवी होते. म्हणून पाऊस नीट लागेपर्यंत माठाचं पाणी, दोन भांडी आणि दुपारचे तीन फेरे चालूच ठेवा. पुढे डबकी साचली की त्या ते घाण पाणी प्यायला लागतील, तोवर परसाला उतार काढून घ्या.