ईआरपी सुरू करण्यापूर्वी मालाची यादी नीट करा

ईआरपी, म्हणजे व्यवसायाचे सगळे कामकाज एकत्र सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत, खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच सामायिक माहितीवर चालतात; त्यामुळे मालाच्या मूळ यादीत एकच बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असेल, तर गोदामात माल पडून असतानाही प्रणाली नवी खरेदी सुचवू शकते. म्हणून जुनी माहिती भरण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला एकच कोड, एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाचा वर्ग दाखवणारा क्रमांक) आणि मोजमापाचे एकक ठरवून द्यावे. किलोने घेऊन नगाने वापरल्या जाणाऱ्या मालाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रूपांतराचे प्रमाण चुकले की साठ्याचा प्रत्येक आकडा चुकतो. हे काम केवळ संगणक विभागावर न सोपवता गोदाम सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला सोबत घेऊनच करावे. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय बंधनकारक आहे; ती आहे ना, हेही ईआरपीची निवड करताना तपासावे.