पफिन पाहायचेत? मग ऑगस्टची वाट पाहू नका

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याची सहल बरेच जण ऑगस्टमध्ये ठरवतात. कडे, लाटा, वारा सगळं तेव्हाही असतं, पण पफिन नसतात. लाल-केशरी चोचीचे हे पक्षी एप्रिलच्या सुमारास घरट्यांसाठी जमिनीवर येतात आणि बहुतेक जुलैअखेरीस पुन्हा खुल्या समुद्रात निघून जातात. म्हणून जून किंवा जुलैचा पहिला पंधरवडा धरा. भारतातून उन्हाळ्यात मुलांकडे ब्रिटनला आलेल्या आई-बाबांना तर हा काळ अगदी सोयीचा.

डनेट हेड हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक. तिथे किंवा डंकन्सबी हेडला दुपारऐवजी संध्याकाळी जा. दिवसभर मासे पकडायला गेलेले पफिन तेव्हा कड्यावर परततात, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. दुर्बीण न्याच, त्यांच्या चोचीत आडवे धरलेले इवलेसे मासे दिसले, की प्रवासाचा शीण जातो.

कड्याच्या काठाशी मात्र जाऊ नका. पफिन मातीत बिळं करतात. वरून हिरवीगार दिसणारी जमीन आतून पोकळ असू शकते, आणि पाय पडला तर बिळातलं पिल्लूही दबतं.

वारा पडला की मिजेस नावाची बारीक चावरी चिलटं हैराण करतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ ठेवा. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ‘पासिंग प्लेस’ असतात. पक्षी दिसला म्हणून तिथे गाडी उभी करू नका.